लहान लॅपटॉप, हलके लिनक्स आणि ग्रंथालयाची यादी
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



ह्या व्यासपीठावरून साहित्य, संगीत आणि इतिहास ह्यांवर विद्वानांची भाषणे झाल्यावर आमच्यासारख्या सरकारी नोकराने जुन्या लॅपटॉपविषयी बोलावे, हे कित्येकांस विचित्र वाटेल. आम्ही संगणकशास्त्राचे पदवीधर नव्हे. साध्या बी. ए. पदवीवर केंद्र सरकारच्या सेवेत शिरलो आणि बदल्यांच्या निमित्ताने देशभर हिंडलो. परंतु गेल्या वर्षी मंडळाच्या ग्रंथालयातील एक लहानसे यंत्र पुन्हा चालते करण्याच्या खटाटोपात आम्ही आणि आपल्या ग्रंथपालबाई गुंतलो होतो. तो खटाटोप आपणांपैकी पुष्कळांना घरच्या घरी करता येण्याजोगा आहे, म्हणून हे धाडस.

२००७ साली तैवानच्या आसुस कंपनीने सात इंची पडद्याचा एक चिमुकला लॅपटॉप बाजारात आणला. त्यावर मुळात लिनक्सच बसवलेले होते. पुढल्या दोन-तीन वर्षांत अशा यंत्रांची लाटच आली. त्यांना ‘नेटबुक’ म्हणत. आपल्यापैकी अनेकांनी मुलांच्या अभ्यासासाठी ती घेतली. मुले नोकरीधंद्याला लागली आणि यंत्रे माळ्यावर गेली. मंडळाचे यंत्रही त्याच कुळातले, २००९ सालचे : दहा इंची पडदा, इंटेलचा ॲटम एन-२७० प्रोसेसर, एक गिगाबाइट स्मृती, १६० गिगाबाइटांची हार्ड डिस्क आणि वर विंडोज एक्सपी. ह्या एक्सपीला सुरक्षिततेची डागडुजी पुरवणे मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ रोजी थांबवले. तेव्हापासून बाईंनी ते यंत्र इंटरनेटला जोडले नाही, आणि ते योग्यच केले.

कार्यकारिणीत त्याच्या निर्लेखनाचा प्रस्ताव आला. सरकारी कचेऱ्यांत निरुपयोगी ठरलेली वस्तू नोंदवहीतून काढून टाकतात, त्याला हा शब्द आहे. बाईंनी हरकत घेतली. त्या यंत्रात ग्रंथालयाच्या सुमारे दोन हजार पुस्तकांची यादी होती, आणि प्रत्येक पुस्तकापुढे ते कोणी, कोणत्या निमित्ताने दिले ह्याची नोंद त्यांनी स्वतः टंकित केलेली होती. कोणी वडिलांच्या स्मरणार्थ, कोणी बदली होऊन जाताना, कोणी मुलीच्या लग्नाप्रीत्यर्थ. देणाऱ्यांपैकी कित्येक आज हयात नाहीत. ह्या नोंदींची दुसरी प्रत कोठेही नव्हती.

आता लिनक्स म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. यंत्राचे सर्व भाग ज्याच्या आज्ञेत चालतात त्या मूळ कार्यक्रमाला कार्यप्रणाली म्हणतात. १९९१ साली हेलसिंकी येथील लिनस टोरवाल्ड्स ह्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने एका कार्यप्रणालीचा गाभा लिहून जगापुढे ठेवला. रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी १९८३ पासून आरंभिलेल्या ‘ग्नू’ प्रकल्पातील साधने त्यास मिळाली, आणि कोणालाही वापरता, तपासता व बदलता येईल अशी प्रणाली उभी राहिली. एकाच पिठाच्या घरोघरी निराळ्या भाकऱ्या व्हाव्यात तशी तिची अनेक रूपे आहेत. काही नटवी व जड, काही साधी व हलकी. जुन्या यंत्राला साधीच मानवतात.

नवशिक्याने पहिला प्रश्न विचारावा तो प्रोसेसर ३२ बिटांचा की ६४ बिटांचा, हा. ६४ बिटांचा आणि चार गिगाबाइट स्मृतीचा लॅपटॉप असेल तर लिनक्स मिंटचे ‘एक्सएफसीई’ रूप किंवा लुबुंटू खुशाल घ्यावे. एन-२७० मात्र ३२ बिटांचाच. मिंटच्या मुख्य शाखेने २०२० सालच्या विसाव्या आवृत्तीपासून असल्या यंत्रांची साथ सोडली; खुद्द डेबियननेही ऑगस्ट २०२५ मधील तेराव्या आवृत्तीत त्यांच्यासाठी प्रस्थापक देणे बंद केले. आम्ही डेबियन १२ वर आधारलेली, २०२३ साली निघालेली ‘अँटिक्स’ची ३२ बिटी आवृत्ती निवडली. तिला पाचशे बारा मेगाबाइट स्मृती पुरते.

सर्व जुळवाजुळव झाल्यावर आम्ही उत्साहाने बसलो, तोच बाई म्हणाल्या, “आधी मला सांगा, ह्यात काय काय पुसलं जाणार? आणि पुसलेलं परत येतं का?” चौतीस वर्षे शाळेत शिकवलेल्या बाईंचा हा प्रश्न आम्हांस सबंध कामातला सर्वांत शहाणपणाचा वाटतो. उत्तर असे : संपूर्ण डिस्कवर नवी प्रणाली बसवली की जुने सर्व जाते, आणि परत येण्याची आशा धरू नये. म्हणून पहिला दिवस केवळ नकला करण्यात घालवला. एक नक्कल बाहेरच्या डिस्कवर, दुसरी पेनड्राइव्हवर. आणि दोन्ही दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहिल्या.

तेथे खरी अडचण दिसली. दुसऱ्या यंत्रावर यादी उघडताच मराठीच्या जागी रोमन अक्षरांची निरर्थक माळ आली. कारण यादी युनिकोडपूर्व काळातील फाँटात लिहिलेली होती. अशा फाँटात ‘क’ हा क म्हणून साठवलेला नसतो. एखाद्या रोमन अक्षराला क चे सोंग दिलेले असते. फाँट गेला की सोंग उतरते. आपल्या घरी जुनी पत्रे, कविता, पत्रिकांचे मसुदे असतील तर हे ध्यानी ठेवावे : कागदपत्रांबरोबर त्या फाँटाची फाइलही जतन करावी. मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने मिळतात, पण त्यांवर डोळे मिटून विसंबू नये. पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाते, जोडाक्षरे फुटतात. बाईंनी जुन्या छापील दाखलपट्ट्या समोर ठेवून ओळ न् ओळ तपासली. त्यांस दोन महिने लागले. प्रस्थापनेस पाऊण तास लागला.

त्या पाऊण तासाची हकीकत फारशी नाही. उतरवून घेतलेली फाइल पेनड्राइव्हवर नुसती ठेवून भागत नाही. रूफस किंवा एचरसारख्या साधनाने ती लिहावी लागते, व त्यात पेनड्राइव्हवरील जुने सर्व पुसले जाते. मग यंत्र चालू होताना एफ-२, एफ-१२ किंवा एस्केप (कंपनीगणिक कळ निराळी) दाबून पेनड्राइव्हवरून सुरू होण्याची आज्ञा द्यावी. येथे एक मोठी सोय आहे. डिस्कला स्पर्शही न करता सारी प्रणाली पेनड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते. पडदा, ध्वनी, वायफाय सर्व ठीक आहे अशी खात्री दोन-चार दिवस वापरून करावी, मगच प्रस्थापनेचे बटण दाबावे. आम्ही आठवडाभर थांबलो.

लहान पडद्याची एक खोडी सांगून ठेवतो. त्याची उंची अवघी सहाशे बिंदूंची. त्यामुळे कित्येक खिडक्यांची ‘पुढे’ ही कळ पडद्याखाली दडते आणि नवशिका हताश होतो. ऑल्ट दाबून धरून माउसने खिडकी वर ओढावी, कळ दिसते. तसेच, टर्मिनलमध्ये परवलीचा शब्द लिहिताना पडद्यावर ठिपकाही उमटत नाही. यंत्र बिघडलेले नसते. लिहून एन्टर दाबावे.

मराठीसाठी वेगळे पैसे पडत नाहीत. लोहित, नोटो, मुंबईच्या एक टाइप संस्थेचा मुक्ता असे फाँट मोफत आहेत. कळफलक आम्ही इन्स्क्रिप्टचा ठेवला. १९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने प्रमाणित केलेली ही रचना. स्वर डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या. पंधरा दिवस बोटे अडखळतात, नंतर चालतात. रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्यापेक्षा ही बरी, असे आमचे ठाम मत आहे. कारण परप्रांतात वाढणाऱ्या आपल्या मुलांना शब्द घटकाघटकाने बांधावा लागतो. शिफ्टसह जे दाबले की ‘ऱ’ येतो, आणि त्यानंतर हलन्ताची डी ही कळ. ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ ह्यांतला भेद आमच्या एका तेरा वर्षांच्या सभासद-कन्येस ह्या कळेमुळे प्रथम कळला. घरी ती दोन्ही एकसारखेच उच्चारीत असे!

भलत्या अपेक्षा मात्र नकोत. एक गिगाबाइटात आजची संकेतस्थळे रांगतच उघडतात; चलच्चित्रे पाहण्याचे हे यंत्र नव्हे. बँकेचे व्यवहारही त्यावर करू नयेत. स्मृती दोन गिगाबाइट केली आणि जुन्या डिस्कच्या जागी एसएसडी घातली तर बराच फरक पडतो. डेबियन १२ ची दीर्घकालीन देखभाल जून २०२८ पर्यंत आहे. पुढे हे यंत्र इंटरनेटपासून तोडून केवळ लेखनापुरते ठेवावे लागेल, असे आजच धरून चालावे. यादीच्या तीन प्रती आता तीन घरी आहेत.

यंत्र ग्रंथालयात खिडकीजवळच्या मेजावर आहे. देणगीदारांची नावे आता शोधता येतात. आपल्या वडिलांनी वा आजीने दिलेले पुस्तक कोणते, हे बाई क्षणात काढून देतात. ज्यांच्या घरी असा लॅपटॉप पडून असेल त्यांनी तो रविवारी सकाळी चार्जरसह घेऊन यावा. लिहून ठेवलेला पेनड्राइव्ह बाईंच्या कपाटात आहे. मात्र आतल्या मजकुराची नक्कल घरीच करून यावी. त्यावाचून बाई पेनड्राइव्ह हाती देत नाहीत.