दातांची निगा आणि उशाशी असलेली डबी
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



चिटणीसबाईंनी ‘दातांची निगा’ या विषयावर बोलण्यास सांगितले, तेव्हा मला हसूच आले. मी काही डॉक्टरीण नव्हे आणि माझे स्वतःचे तीन दात गेलेले! पण त्या म्हणाल्या, “म्हणूनच तुम्ही बोला.” तेव्हा मी जे भोगले आणि त्यातून जे शिकले, तेवढेच सांगणार आहे.

थोरल्याच्या बाळंतपणानंतर माझी दाढ ठणकू लागली. शेजारच्या आजींनी तव्यावर काळी होईतो भाजलेली तंबाखू कुटून दिली. कोणी तिला मशेरी म्हणतात, कोणी मिसरी. बोटाने ती हिरड्यांना लावली आणि ठणका विसरल्यासारखा झाला. मला वाटले, औषध सापडले. पण दाढ काही बरी झाली नव्हती; कीड आत आपले काम करीतच होती. औषध म्हणून घेतलेली मशेरी पुढे दिवसातून चार वेळा लागू लागली. ती लावल्यावाचून सकाळी कामाला हात लागेना. २२ वर्षे ती डबी माझ्या उशाशी होती. पुरुषाची तंबाखू चारचौघांत दिसते. बायकांची पदराआड राहते. म्हणून आपल्याला कोणी टोकतही नाही.

एके दिवशी माझी चार वर्षांची नात डबीत बोट घालून बसलेली दिसली. “आजी, मी पण दात घासते,” म्हणाली. भगिनींनो, माझ्या हातापायांतले बळच गेले. दुसऱ्याच दिवशी सुनेला बरोबर घेऊन मी दातांच्या डॉक्टरांकडे गेले.

त्यांनी हलणारे तीन दात काढावे लागतील असे सांगितले. मग आरसा धरून खालच्या ओठाच्या आतला पांढरा चट्टा मला दाखविला. म्हणाले, “मावशी, मशेरी इथेच ठेवता ना?” त्याचा लहानसा तुकडा तपासणीस गेला. अहवाल येईपर्यंत आठ दिवस मला घास गोड लागला नाही. कर्करोग नव्हता. पण तंबाखू चालू राहिली तर अशा चट्ट्याचा कर्करोग होऊ शकतो, असे डॉक्टरांनी स्पष्ट बजावले. त्याच दिवशी डबी चुलीत गेली. पहिले पंधरा दिवस डोके दुखे, चिडचिड होई. सून बडीशेप पुढे करी आणि मुकाट्याने माझे बोलणे ऐकून घेई. तिचे उपकार मी विसरणार नाही.

डॉक्टरांकडच्या त्या खेपांत मी जे शिकले, ते आता सांगते. दातांवरचे कवच हा आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. पण एकदा त्याला खड्डा पडला की तो आपोआप भरत नाही. तोंडातले जंतू साखरेचे आम्ल करतात आणि ते आम्ल कवच पोखरते. लाळ ही झीज भरून काढू पाहते, पण तिला उसंत हवी. म्हणून सणाला जेवणात खाल्लेल्या पुरणपोळीपेक्षा दिवसभर चघळलेल्या गोळ्या दातांना अधिक घातक. झोपेत लाळ कमी होते. म्हणून रात्री दात घासूनच निजावे, मग दूधसुद्धा घेऊ नये.

मऊ ब्रश आणि फ्लोराइड असलेली पेस्ट घेऊन सकाळ-रात्र दोन-दोन मिनिटे दात घासावेत. राख, वीट, कोळसा यांनी दात उजळत नाहीत, झिजतात. हिरड्यांतून रक्त आले म्हणून घासणे सोडू नये. बहुधा साचलेल्या मळानेच हिरडी सुजलेली असते. हलक्या हाताने घासावे, आणि रक्त थांबले नाही तर डॉक्टरांना दाखवावे. वरचा दात काढला की दृष्टी जाते, ही समजूत खोटी आहे.

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवा. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. तिच्यासाठी कोणताच दात पडत नाही, म्हणून आपण तिलाही दुधाची समजतो. ती कायमची असते. गेली की गेली! तीन वर्षांखालील मुलास तांदळाएवढी व पुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पेस्ट पुरे.

टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालण्यास १९९२ साली सरकारने बंदी केली. पण आपल्या घरच्या तव्यावर कायदा कोठून येणार? तेथे आपणच उभे राहिले पाहिजे. घरात कोणी गरोदर असेल तर अधिकच. तंबाखूने पोटातले मूल कमी वजनाचे जन्मते.

शेवटी एवढेच मागणे. महिन्यातून एकदा उजेडात आरसा धरून ओठ, गाल, जीभ आतून पाहा. पांढरा वा लाल चट्टा दिसला, तोंड पुरते उघडेनासे झाले किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम असली, तर दुखत नाही म्हणून थांबू नका. माझा चट्टाही दुखत नव्हता. आणि ज्यांच्या उशाशी डबी असेल, त्यांनी लाजू नये. माझ्या घरी या. बडीशेप मी देईन, बोलणेही ऐकून घेईन.