परदेशातील पहिले दिवस
(विद्यार्थी गौरव समारंभातील भाषण)



आपल्या कर्जत-खालापूर परिसरातूनही मुले-मुली उच्च शिक्षणासाठी परदेशी जाऊ लागली आहेत. निरोपाच्या आधी घरोघरी खाखरे, ठेपले, मसाले, लोणची यांच्या पिशव्या भरल्या जातात आणि बॅग पुन्हा पुन्हा काट्यावर तोलली जाते. मूल सुखरूप पोहोचल्याचा फोन आला की घर निश्चिंत होते. वास्तविक खरी कसोटी त्या फोननंतर सुरू होते. ती कशी असते हे समजण्यासाठी आपल्याच लोहमार्गावरील एका लेकीचे चरित्र आठवणे उचित ठरेल.

1856 साली कल्याणहून खोपोलीपर्यंत आगगाडी आली. त्यानंतर नऊ वर्षांनी, 1865 साली, कल्याणच्या जोशी घराण्यात यमुना नावाची मुलगी जन्मली. वयाच्या नवव्या वर्षी टपाल खात्यात नोकरीस असलेल्या गोपाळराव जोशी यांच्याशी तिचा विवाह झाला आणि ती आनंदीबाई झाली. चौदाव्या वर्षी झालेले मूल अवघ्या दहा दिवसांत दगावले. स्त्रियांच्या वैद्यकीय उपचाराची त्या काळी असलेली उणीव तिच्या मनास लागून राहिली आणि डॉक्टर होण्याचा निश्चय तेथून दृढ झाला.

24 फेब्रुवारी 1883 रोजी बंगालमधील श्रीरामपूर येथे आनंदीबाईंनी जाहीर भाषण करून आपण अमेरिकेस का जात आहोत हे सांगितले आणि हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत येऊ, असे वचन समाजाला दिले. 7 एप्रिलला कलकत्त्याहून बोट सुटली. पती बरोबर नव्हते. सुमारे दोन महिन्यांच्या प्रवासानंतर, 4 जून रोजी, अठरा वर्षांची ही मुलगी न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरली. तेथे तिला न्यावयास श्रीमती कार्पेंटर आल्या होत्या. गोपाळरावांचे एक पत्र एका मासिकात वाचून त्यांनी आपणहून पत्रव्यवहार सुरू केला होता. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. पहिला उन्हाळा त्यांच्या रोझेल गावच्या घरी गेला. परक्या देशातील पहिले दिवस एका आपुलकीच्या घरात गेले, हे आनंदीबाईंचे मोठे भाग्य होय.

शरद ऋतूत मात्र फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश झाला आणि परिस्थिती पालटली. आपला प्रदेश साधारण 19 उत्तर अक्षांशावर, तर ते शहर 40 अक्षांशावर, म्हणजे हिवाळ्यात बर्फ पडणारे. राहण्यास मिळालेल्या खोलीतील शेकोटीचे धुराडे नीट चालत नसे. विस्तव पेटवला तर खोली धुराने भरे आणि विझवला तर थंडीने हात गारठत. दिवसभर अभ्यास करून तेथेच शाकाहारी स्वयंपाक करावयाचा. घरी पत्र लिहिले तर उत्तर येण्यास कित्येक आठवडे लागत.

वस्त्राचा प्रश्नही लहान नव्हता. नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्या राहतात. आपल्याकडे ते सोयीचे, तेथील थंडीत मात्र अंगावर काढण्यासारखे. आनंदीबाईंनी साडी सोडली नाही, नेसण्याची पद्धत बदलली. त्या गुजराती पद्धतीने, पाय झाकणारी साडी नेसू लागल्या. काय सोडावयाचे नाही आणि काय बदलल्याने बिघडत नाही, याचा विवेक अठराव्या वर्षी त्यांच्या ठायी होता.

11 मार्च 1886 रोजी आनंदीबाईंना वैद्यकीय पदवी मिळाली. परंतु शरीर खचत गेले होते. मायदेशी परतल्यावर 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुणे येथे क्षयाने त्यांचे निधन झाले. बाविसावे वर्षही पूर्ण झाले नव्हते. कोल्हापूरच्या रुग्णालयातील त्यांच्यासाठी राखलेली जागा तशीच राहिली. क्षयाला कारणे अनेक असतात. एका खोलीला दोष देणे योग्य नव्हे. तरीही वचन पाळणाऱ्या या मुलीला ऊब आणि पोटभर अन्न वेळेवर मिळाले असते तर, हा प्रश्न आजही मनाला चटका लावतो.

दुसरे उदाहरण आपल्या परंपरेच्या अधिक जवळचे आहे. 1888 साली मोहनदास गांधी विलायतेस निघाले तेव्हा बेचरजी स्वामी या जैन साधूंनी त्यांच्याकडून मद्य, मांस आणि परस्त्रीसंग वर्ज्य करण्याची प्रतिज्ञा घेवविली. त्यानंतरच मातेने अनुमती दिली. लंडनमधील आरंभीचे दिवस त्यांनी अर्धपोटी काढले. अधिक पाव मागण्याचाही संकोच वाटे. पायी भटकता भटकता फॅरिंग्डन स्ट्रीटवर शाकाहारी भोजनगृह सापडले, तेव्हा इंग्लंडमध्ये आल्यापासूनचे पहिले पोटभर जेवण त्यांना मिळाले. प्रतिज्ञा मनोबलाने टिकली. तिला आधार त्या भोजनगृहाने दिला.

यातून पालकांनी आणि समाजाने बोध घ्यावयाचा तो असा, की मुलाला नियम देणाऱ्यानेच तो पाळण्याची सोयही पाहावी. आपण मुलांना चौविहार पाळावयास सांगतो. पण लंडनला डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास सूर्यास्त होतो, तेव्हा तो विद्यार्थी वर्गातच असतो. जूनमध्ये रात्री नऊनंतरही उजेड असतो. अशा वेळी काय करावे, हे निघण्यापूर्वी गुरुमहाराजांना विचारून ठरवावे. मुलगा असो वा मुलगी, वरण-भात आणि खिचडी स्वतः करता आलीच पाहिजे. पाकिटावरील घटक वाचण्याची सवय लावावी, कारण जिलेटीनसारखा प्राणिज पदार्थ मिठाईतही असतो. पहिल्या महिन्यासाठी त्या शहरातील एखाद्या परिचित कुटुंबाचा पत्ता हाती असावा. श्रीमती कार्पेंटर प्रत्येकाच्या वाट्याला आपोआप येत नाहीत.

आणि विद्यार्थीमित्रांनो, खोली थंड असेल, पोट भरत नसेल, मन लागत नसेल, तर ते घरी मोकळेपणाने सांगा. सर्व ठीक आहे, असे सांगून आई-वडिलांना दिलेला दिलासा फार दिवस पुरत नाही. पालकांनीही फोनवर गुण आणि खर्च विचारण्यापूर्वी, आज काय जेवलास, अंथरूण-पांघरूण पुरेसे आहे ना, एवढे अवश्य विचारावे. आनंदीबाईंच्या घरच्यांना हे विचारून उत्तर मिळेपर्यंत ऋतू पालटत असे. आपल्याला ते त्याच क्षणी कळू शकते. विचारण्याचे तेवढे राहू नये.

जय जिनेंद्र!