झोप आली, ती कुठून आली?

लग्नसराई तोंडावर आली की परभणीतल्या डीटीपीच्या दुकानांत रात्री उशिरापर्यंत दिवे असतात. स्टेशन रोड असो, गांधी पार्क असो, की गंगाखेड-सेलूची बाजारपेठ असो. शटर अर्धं खाली ओढलेलं, आत एक टेबलफॅन आणि संगणकासमोर विशी-पंचविशीतला एखादा मुलगा. कोरल ड्रॉमध्ये पत्रिका उघडलेली. मुहूर्ताची वेळ, दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांची नावं, मामा, आत्या, कुणी रुसायला नको म्हणून शेवटी घातलेली आणखी चार नावं. सकाळी पत्रिका छापायला जायची असते. आणि नेमकी तेव्हाच त्याची मान खाली जाते.

अशी मान खाली जाणारा तो एकटा नाही. कृषी विद्यापीठाच्या वसतिगृहात प्रबंध लिहिणारी मुलगी, लग्नाचं शूटिंग जोडत बसलेला व्हिडिओवाला, दिवाळी अंकाची पानं लावणारा संपादक, नोकरीवरून आल्यावर कथा लिहायला बसणारा शिक्षक, या सगळ्यांचं दुखणं हेच आहे. हात कीबोर्डवर, डोळे पडद्यावर, आणि मेंदूवर गुंगी. आपण लगेच स्वतःला आळशी ठरवतो, चहा मागवतो, तोंडावर पाणी मारतो. माझं म्हणणं असं, की ही पेंग घालवण्याआधी ती कुठून आली ते पाहा. अपुऱ्या झोपेतून आलेली पेंग वेगळी, भर दुपारची वेगळी, आणि काम अडलं म्हणून आलेली तर अगदीच वेगळी. तिन्हींवर एकच उपाय चालत नाही.

पहिली सगळ्यांत महत्त्वाची, म्हणून तिच्याबद्दल जरा सविस्तर बोलतो. आपण जागे असतो तोवर मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं. जितकं जास्त साठेल तितकी झोप अनावर होते. ते ओसरतं ते फक्त झोपेत. चहा-कॉफीतलं कॅफिन ते कमी करत नाही. ते एवढंच करतं, की अ‍ॅडेनोसिन जिथे जाऊन बसायचं त्या जागा काही वेळ अडवून ठेवतं. कॅफिनचा जोर ओसरला की मागे साठलेलं सगळं एकदम जाणवतं. म्हणून मध्यरात्रीच्या तिसऱ्या कपानंतर तरतरी येण्याऐवजी हात थरथरतात आणि डोकं तसंच जड राहतं. शिवाय संध्याकाळी पाचला घेतलेल्या चहातलं जवळपास निम्मं कॅफिन रात्री दहाला अंगात असतंच. त्या रात्रीची झोप उथळ होते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा चहाच लागतो.

ऑस्ट्रेलियातल्या ड्रू डॉसन आणि कॅथरीन रीड या दोन संशोधकांनी १९९७ साली 'नेचर' या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. सलग सतरा तास जागा असलेला माणूस हात आणि नजर यांचा मेळ लागणाऱ्या कामात किती चुकतो, हे त्यांनी मोजलं. त्या चुका रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतक्या निघाल्या. आपल्याकडे वाहन चालवणाऱ्यासाठी कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. सकाळी सहाला उठलेला माणूस रात्री अकराला बरोबर सतरा तास जागा असतो. त्या वेळी पत्रिकेत वधूच्या जागी वराचं नाव पडलं, तारखेतला एक आकडा फिरला, तर त्यात नवल काय? अशा वेळी डोळे उघडे असूनही मेंदू दोन-चार सेकंद झोपतो. माणसाला ते कळतही नाही. चूक कळते ती हजार प्रती छापून झाल्यावर.

आता कुणी म्हणेल, आपली माणसं तर रात्र-रात्र जागत आली आहेत. खरं आहे. रब्बीत रात्रीची लाईट असली की शेतकरी हरभऱ्याला पाणी द्यायला मध्यरात्री शेतात जातो. हातात खोरं, पायाखाली चिखल, बोचरी थंडी आणि साप-विंचवाची धास्ती. दारं धरताना त्याला पेंग येत नाही. पण तोच माणूस घरी येऊन भिंतीला टेकला की बोलता-बोलता झोपतो. म्हणजे झोप अंगात होतीच, हालचालीने ती फक्त झाकली होती. खुर्ची नेमकी हेच झाकण काढते. संगणकावर काम करणाऱ्याची बोटं तेवढी हलतात, बाकी सगळं शरीर तासन्‌तास निश्चल असतं. समोर एकच प्रकाश, कानांत पंख्याचा एकसुरी आवाज. झोपायला सांगणारं सगळं वातावरण आपण तयार करतो आणि मग जागं राहायला धडपडतो.

इथे मला आपल्या जिल्ह्याची जुनी रीत आठवते. गंगाखेड ही संत जनाबाईंची भूमी. नामदेवांच्या घरचं दळण-कांडण करता-करता त्यांनी अभंग रचले, असं परंपरा सांगते. आणि त्यांच्यामागून शेकडो वर्षं आपल्या गावोगावच्या बायका पहाटेच्या अंधारात जात्यावर ओव्या रचत आल्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी पुण्यात राहून महाराष्ट्रभरातल्या अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. त्यात आपल्या ताडकळसचाही आवाज आहे. आता पाहा, ओवी रचणं हे अस्सल निर्मितीचं काम. तेही भल्या पहाटे, अर्धवट झोपेतून उठून. पण तिथे खुंट्यावरचा हात फिरत होता, कंबरेपासून अंग झुलत होतं, आवाज मोकळा होता, समोर दुसरी बाई ओवी उचलून घ्यायला बसलेली होती. त्या कष्टांचं कौतुक करायला मी हे सांगत नाही. त्या बायकांना पोटभर झोप कधी मिळाली नाही आणि गिरणी आली तेव्हा त्या सुटल्या, हे चांगलंच झालं. पण शब्द सुचायला अंग हलतं असावं, आवाज फुटावा, हे त्यांना ठाऊक होतं. आपण संगणकासमोर बसलो आणि ते विसरलो.

म्हणून लिहिणाऱ्यांना माझं सांगणं आहे, की मजकूर मोठ्याने वाचा. परिच्छेद झाला की उभे राहा आणि खोलीत फेरी मारत तो स्वतःला ऐकवा. कुठे अडखळता ते कळतं आणि पेंगही मोडते. एखादा तुकडा सुचत नसेल तर फोनमध्ये बोलून ठेवा, चालता-चालता बोला. चित्र, पत्रिका किंवा मुखपृष्ठ करणाऱ्यांनी पहिला आराखडा कागदावर पेन्सिलने करावा, तोही उभ्याने. अर्ध्या-पाऊण तासाने उठायचंच, घड्याळ लावून उठायचं. पडद्याकडे बघताना पापण्या नेहमीपेक्षा फार कमी वेळा लवतात, त्यामुळे डोळे कोरडे पडतात आणि मिटावेसे वाटतात. तो शीण आपल्याला झोपेसारखाच वाटतो. दारात येऊन रस्त्याच्या पार टोकाला नजर टाकली, चार वेळा पापण्या मिटल्या, तर निम्मी गुंगी तिथेच जाते.

आता दुपार. दुपारी एक ते चारच्या दरम्यान येणारी सुस्ती केवळ जेवणाने येत नाही. शरीराच्या घड्याळातच तेव्हा एक उतार असतो, उपाशी राहिलं तरी तो येतो. भरपेट भात झाला की तो आणखी खोल होतो, एवढंच. आणि आपल्याकडे वर मे महिन्याचं ऊन. पारा चव्वेचाळीसच्या पुढे गेलेला, पत्र्याखालचं दुकान तापलेलं, अंगातलं पाणी घामावाटे गेलेलं. अशा वेळी डोकं चालत नाही, तो तुमचा दोष नाही. पाणी तहान लागायची वाट न पाहता प्यायला हवं. कूलर लावून दार-खिडकी गच्च बंद करू नका. कूलरची हवा बाहेर जायला वाट नसेल तर खोली दमट होते आणि कोंडलेल्या हवेत अधिकच पेंग येते.

दुपारच्या या उताराशी भांडण्यापेक्षा वामकुक्षी घ्यावी. पण ती वीस मिनिटांचीच, गजर लावून. अर्ध्या तासाच्या पुढे गेलं की झोप खोल होते आणि मधेच उठल्यावर माणूस बराच वेळ बधिर राहतो. इंग्लंडमधल्या लफबरो विद्यापीठात हॉर्न आणि रेनर यांनी नव्वदच्या दशकात पेंगुळलेल्या वाहनचालकांवर प्रयोग केले. आधी कॉफी आणि लगेच पंधरा मिनिटांची डुलकी, हा जोडउपाय त्यांना फार गुणकारी आढळला. कारण कॅफिनचा परिणाम सुरू व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो. दुपारी दोनचा चहा घ्या आणि तिथेच बाकावर आडवे व्हा, इतका तो उपाय सोपा आहे. दुकानाच्या मालकांनी कामगाराला ही वीस मिनिटं मोकळ्या मनाने द्यावीत. त्यापायी काम बुडत नाही.

आणि कामांची वाटणी करा. नवं सुचायला लागतं ते काम पहाटे किंवा सकाळी. स्कॅनिंग, फायली लावणं, बिलं करणं अशी हाताची कामं दुपारी. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पहाटे चार ते आठ ही चार तासांची थंड, निवांत वेळ म्हणजे सोनं आहे. पण पहाटे उठायचं तर रात्री नऊ-साडेनऊला पाठ टेकायला हवी. रात्री बारापर्यंत मोबाईल आणि पहाटे चारला गजर, असा रामप्रहर कुणाच्या कामाचा नाही.

तिसरी पेंग लिहिणाऱ्यांच्या खास ओळखीची. झोप पुरी झालेली आहे, वेळ सकाळची आहे, तरीही अमुक एक प्रकरण उघडलं की जांभया सुरू. ती झोप नसते. पुढे काय करायचं ते ठरलेलं नसतं आणि मन तिथून पळ काढत असतं. तेव्हा चहाही चालत नाही आणि डुलकीही. त्या पानाचा सगळ्यांत छोटा, हाताला येणारा भाग शोधावा. एक संवाद, एक चौकट, एक रंग. किंवा कुणाला तरी समोर बसवून तोंडी सांगावं, की मला इथे हे म्हणायचंय. सांगता-सांगता वाट सापडते. तरीही नाही सापडली, तर खुशाल झोपा. जर्मनीतल्या ल्युबेक विद्यापीठात २००४ साली एक प्रयोग झाला. आकड्यांच्या एका कोड्यात एक सोपी वाट लपवलेली होती. रात्री झोपून उठलेल्यांना ती वाट जागं राहिलेल्यांच्या दुपटीहून अधिक प्रमाणात सापडली. अडलेलं काम झोपेत पुढे सरकतं, हा अनेक लेखकांचा अनुभव त्यात खरा ठरला.

बी. रघुनाथ आपल्याच गावी सरकारी कारकुनी करत कविता आणि कादंबऱ्या लिहीत राहिले आणि १९५३ साली, उणंपुरं चाळीस वर्षांचं आयुष्य जगून गेले. नोकरी सांभाळून लिहिणाऱ्यांची परंपरा या मातीत मोठी आहे. त्या सगळ्यांना मी हात जोडून सांगतो, की रोज थोडं लिहा, पण झोप खर्ची घालून लिहू नका.

गावातल्या अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. पण म्हणून एकाच माणसाने सात दिवस जागावं, असं कुणीही म्हणत नाही. पहाऱ्याच्या पाळ्या लागतात, नावं ठरतात. पाळी संपली की दुसरा वीणा गळ्यात घेतो आणि पहिला जाऊन झोपतो. घाईच्या हंगामात दुकानांनी, मासिकांनी, स्टुडिओंनी असेच पहारे लावावेत. दोन मुलं असतील तर दोघांनाही रात्रभर बसवण्यात कसला शहाणपणा? आणि शेवटचं प्रूफ ज्याने पान लावलं त्याने तपासू नये, ताज्या डोळ्यांनी सकाळी दुसऱ्याने तपासावं.

एक गोष्ट मात्र हलक्यात घेऊ नका. सात-आठ तास झोपूनही दिवसभर पेंग येत असेल, घरचे म्हणत असतील की तुम्ही फार घोरता, झोपेत श्वास अडकतो, तर डॉक्टरांना दाखवा. रक्त कमी असणं, थायरॉईड, मधुमेह यांतही सुस्ती येते. आपल्याकडच्या बायकांमध्ये रक्त कमी असणं फार आढळतं, आणि 'तुझं मेलं लक्षच नाही' म्हणून त्यांना बोल लावला जातो. सर्दीच्या आणि खाज येण्याच्या कित्येक गोळ्यांनी गुंगी येते, तेही विचारून घ्या. जागं राहायला तंबाखूचा बार भरणं किंवा कुणी दिलेली गोळी घेणं, हे तर मुळीच नको.

पत्रिका, फ्लेक्स, अहवाल करून घेणाऱ्यांनाही विनंती आहे. मजकूर दोन दिवस आधी द्या. रात्री दहाला जाऊन 'सकाळी पाहिजे' म्हणताना समोरच्या मुलाचे डोळे एकदा पाहा.

आणि त्या मुलांनो, तुम्हाला सांगतो. काम संपेपर्यंत रात्रीचा एक वाजला, डोळे मिटत असले आणि गाव जिंतूर रस्त्याला किंवा पाथरी-मानवतकडे असलं, तर गाडी काढू नका. घरी फोन करून सांगा, दुकानातच सतरंजी टाका, आणि उजाडल्यावर निघा.