चौथा भिडू हवा आहे

(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



निवृत्तीनंतर सध्या काय चाललंय ते प्रत्येकाने थोडक्यात सांगावं, असा संयोजकांचा आग्रह आहे. माझ्या आधी कुणी शेतीवर बोललं, कुणी गडकिल्ल्यांवर, कुणी नातवंडांवर. माझ्या वाट्याला पत्ते आलेत. मागच्या दोन रांगांत आत्ता जो हशा झाला, तो मला ऐकू आला. शाळेत दप्तरात पत्त्यांचा कॅट सापडला की तो जप्त व्हायचा आणि पालकांना चिठ्ठी जायची. आज त्याच गुरुजनांसमोर माइकवरून पत्त्यांविषयी बोलायला मिळतंय. काळ बदलतो, दुसरं काय!

आपल्या गावात एक ब्रिज क्लब आहे, हे तुमच्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसेल. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरचा हॉल, शनिवारी दुपारी साडेतीन ते सात. मी तिथला चिटणीस. म्हणजे टेबलं लावायची, वर्गणी गोळा करायची, चहा सांगायचा आणि भांडणं मिटवायची.

आधी खेळाबद्दल थोडं सांगतो, कारण ‘ब्रिज’ म्हटलं की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर साहेबांचे क्लब आणि सिगारेटचा धूर येतो. आपण सगळे मेंढीकोट खेळलोय. चार भिडू, समोरासमोरचे दोघे एका बाजूचे, एक हुकूम, तेरा-तेरा पानं. हे ज्याला येतं त्याला ब्रिजचं निम्मं अंग येतं. फरक बोलीत आहे. आधी लिलाव होतो. किती हात करणार आणि हुकूम कुठला, हे बोलून दाखवायचं आणि मग तेवढे करून दाखवायचे. दुसरा फरक असा की, ज्या बाजूची बोली लागते त्या बाजूच्या एका भिडूची पानं पहिल्या उतारीनंतर टेबलावर उघडी मांडली जातात. तो ‘डमी’. तो गप्प बसतो. आमच्या काही सभासदांना खेळातला हाच भाग सगळ्यात अवघड जातो.

ब्रिजचं आजचं रूप १९२५ सालचं. हॅरल्ड व्हँडरबिल्ट नावाचे अमेरिकन उद्योगपती ‘फिनलंड’ या जहाजातून पनामा कालव्यामार्गे प्रवास करत होते. त्या प्रवासात त्यांनी गुण मोजण्याची नवी पद्धत सोबत्यांबरोबर खेळून पाहिली. जेवढं बोलाल तेवढ्याचंच मोठं बक्षीस, हा तिचा गाभा. २०२५ मध्ये त्याला शंभर वर्षं झाली.

नशिबाचं काय, असं लोक विचारतात. चांगली पानं आली की जिंकणार, त्यात कसलं डोकं? यावर उत्तर आहे ‘डुप्लिकेट’ पद्धतीचं. वाटलेली पानं खेळून झाल्यावर एकत्र मिसळायची नाहीत. प्रत्येकाने आपली तेरा पानं पुन्हा एका चपट्या खोक्यात, आपापल्या खणात ठेवायची. मग ते खोकं पुढच्या टेबलावर जातं. तीच पानं तिथले चौघे खेळतात. शेवटी तुमची तुलना होते ती तुमच्यासारखीच पानं ज्यांना आली होती त्या जोड्यांशी. एका जोडीला मागे टाकलं की दोन गुण, बरोबरी झाली तर एक. पानं फालतू आली म्हणून रडायची सोय नाही, कारण ती सगळ्यांनाच फालतू आली होती. आयुष्यात अशी सोय असती तर किती बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटतं.

गणिताचे सर समोर बसलेत म्हणून एक आकडा सांगतो. ५२ पानांतून तेरा पानांचा हात किती प्रकारे येऊ शकतो? ६३ हजार ५०१ कोटींपेक्षा जास्त. म्हणजे तोच हात पुन्हा येईल म्हणून वाट पाहण्यात अर्थ नाही. पण अंदाज मात्र बांधता येतो. हुकमाची आठ पानं आपल्या बाजूला असतील तर समोरच्यांकडे पाच. ती तीन-दोन अशी वाटली गेली असण्याची शक्यता ६८ टक्के, चार-एक २८ टक्के आणि पाचही एकाकडेच असण्याची फक्त चार टक्के. सर, ‘हे पुढे कुठे उपयोगी पडणार?’ असं आम्ही वर्गात विचारायचो. इथे उपयोगी पडलं.

आणखी एक गोष्ट. मेंढीकोटात भिडूला डोळा मारणं, खोकणं, पान आपटणं ही आपली कला होती. ब्रिजमध्ये ती चालत नाही. भिडूशी बोलायचं ते फक्त बोलीतून आणि पानांतून. बोलीसुद्धा तोंडाने नाही, छापील कार्ड टेबलावर ठेवून, म्हणजे आवाजाच्या चढउताराने काही कळायला नको. आणि आपल्या बोलीचा अर्थ समोरच्या जोडीने विचारला तर भिडूने तो प्रामाणिकपणे सांगायचा. आपसात गुप्त संकेत ठेवायला परवानगी नाही. भिडूवर विश्वास आणि प्रतिस्पर्ध्याशी उघडेपणा, दोन्ही एकाच वेळी.

आता क्लबची बातमी.

करोनाच्या आधी आमच्याकडे शनिवारी सहा-सात टेबलं लागायची. २०२० च्या मार्चमध्ये हॉल बंद झाला. काही जण संगणकावर खेळू लागले. पुण्या-मुंबईच्याच काय, पोलंडच्या माणसाबरोबरही घरबसल्या डाव मांडता येतो. ती सोय मोठी आहे, मी तिला नावं ठेवणार नाही. गुडघ्यांमुळे जिना चढता येत नाही अशा दोन सभासद बाई आजही रोज तसंच खेळतात. पण हॉल पुन्हा उघडला तेव्हा तीन टेबलं भरायची मारामार होऊ लागली. काही जण मुलांकडे परगावी गेले, काही कायमचे गेले. ब्रिजला चार माणसं लागतात. तिघं आले तर तिघंही घरी जातात. त्यामुळे एक माणूस गळाला की प्रत्यक्षात चार गळतात.

त्याच सुमारास एक अवघड प्रश्न समोर आला. नावं सांगत नाही. आमच्याकडे दोन मित्रांची एक जोडी होती. कित्येक वर्षं एकमेकांसमोर बसलेले. त्यांच्यातले एक काका एके काळी बाहेर गेलेलं प्रत्येक पान लक्षात ठेवायचे. हळूहळू त्यांची मोजणी चुकू लागली. मग हुकूम कुठला ते विसरायला लागले. पुढे उतारी कुणाची हेही विचारायला लागले. डाव लांबू लागले.

तक्रारी आल्या. त्या वाईट मनाने आलेल्या नव्हत्या, हे मी आवर्जून सांगतो. डुप्लिकेटमध्ये एका टेबलावर घोळ झाला की त्या टेबलावरच्या समोरच्या जोडीला फुकटात पूर्ण गुण मिळतात. आणि त्यांच्याच दिशेला बाकीच्या टेबलांवर बसलेल्या जोड्या काहीही न चुकता मागे पडतात. जे खेळाडू महिनाभर बोलीचा अभ्यास करून येतात त्यांना हे लागणारच. एक जण म्हणाले, “आपण स्पर्धा खेळतो की समाजकार्य करतो, ते एकदा ठरवा.” प्रश्न रास्त होता.

समितीची बैठक झाली. काकांना कसं सांगायचं, कुणी सांगायचं, यावर तासभर गेला. त्यांचे भिडू तोवर गप्प होते. शेवटी ते म्हणाले, “त्याला बोली आठवत नाही. पण पानं हातात आली की तो रंग लावून घेतो, काळा-लाल, काळा-लाल. घरी तो दिवसभर खिडकीशी बसून असतो. आमचे गुण मोजू नका. आम्हाला फक्त एक टेबल द्या.”

मग आम्ही ठरवलं की शनिवार जसा आहे तसाच ठेवायचा. नियम, वेळ, गुण, सगळं काटेकोर. आणि बुधवारी सकाळी दहाला एक वेगळी बैठक सुरू करायची. तिथे गुणपत्रक नाही. बोली विसरली तर विचारायची. उतारी कुणाची ते कुणीही सांगायचं. डाव अर्धा राहिला तरी चालेल. ज्याला यायचं त्याने यावं, ब्रिज येत नसला तरी.

ही व्यवस्था एका माणसासाठी केली होती. पहिल्या बुधवारी जेमतेम एक टेबल भरलं. पुढे मात्र वेगळंच घडलं. ज्यांना शनिवारच्या धाकाने कधी जिना चढावासा वाटला नव्हता, ते यायला लागले. नवऱ्याच्या मागे घरी एकट्या राहिलेल्या एक बाई आल्या. त्यांचे यजमान शनिवारी खेळायचे आणि या दर शनिवारी डबा घेऊन जिन्याखाली थांबायच्या, पण वर कधी आल्या नव्हत्या. पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ आले. वाचनालयात स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करणारी दोन मुलं डोकं हलकं करायला वर यायला लागली. चुकलं तर कुणी ओरडत नाही, एवढ्या एका गोष्टीने दार उघडलं. आज बुधवारी चार टेबलं लागतात. त्यातलेच पाच जण आता शनिवारीही खेळतात. ज्यांनी ‘समाजकार्य’ म्हणून टोकलं होतं, ते गृहस्थ दर बुधवारी नवशिक्यांना हात मोजायला शिकवतात. एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक. दोघांचे मिळून पंचवीस-सव्वीस झाले की पुरा डाव बोला.

काका आता येत नाहीत. तब्येत तेवढी राहिली नाही. त्यांचे भिडू येतात. ज्याला जोडी नसेल त्याच्यासमोर बसतात. नव्या माणसाला पहिल्यांदा खेळताना जो समोर हवा असतो, तसे ते आहेत.

दुसरी बातमी शाळेची आहे. परीक्षा संपल्यावरच्या आठवड्यात आठवीच्या मुलांना ‘मिनीब्रिज’ शिकवण्याचा प्रस्ताव आम्ही मांडला. त्यात लिलाव नसतो. प्रत्येकाने आपल्या हातातले गुण सांगायचे आणि ज्या बाजूचे जास्त ती बाजू खेळणार. मुख्याध्यापिका बाईंनी दोन अटी घातल्या. पैशाचा प्रश्नच येता कामा नये आणि आधी पालकांना बोलवा. दोन्ही अटी योग्यच होत्या.

पालकसभेत अपेक्षित प्रश्न आला. शाळेत पत्ते शिकवणार? ज्यांच्या घरात तीन पत्तीने संसार मोडला असेल, त्यांना हा प्रश्न पडणारच. त्यांना हसून चालत नाही. मी त्यांना एवढंच सांगितलं की आमच्या क्लबात पैसे लावून कधीच खेळलं जात नाही. आणि कायद्यानेही फरक केलेला आहे. १९६७ मध्ये रमीच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानला. पानं वाटण्यात जी अनिश्चितता असते ती ब्रिजच्या वाटपातल्यासारखीच आहे, असं न्यायालयाने म्हटलं. म्हणजे दाखला द्यायला न्यायालयाला ब्रिज आठवला. शिवाय २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धांमध्ये ब्रिजचा पहिल्यांदा समावेश झाला आणि पुरुषांच्या जोडीचं सुवर्णपदक भारताने जिंकलं. प्रणब बर्धन आणि शिबनाथ सरकार, एक साठ वर्षांचे, दुसरे छप्पन्न. पुढच्या, हांगझोऊच्या स्पर्धांमध्ये आपल्या पुरुष संघाला रौप्य मिळालं. साठीत सुवर्णपदक म्हटल्यावर पालकांपेक्षा आजोबाच जास्त खूश झाले.

सगळ्यांनी नाही, पण बऱ्याच पालकांनी होकार दिला. मुलं भराभर शिकली. आमच्या वयाच्या लोकांना तीन महिने लागतात ते त्यांना तीन दिवस पुरले. एका मुलीने मला विचारलं, “डमी झाल्यावर मी मोबाइल बघू का?” मी नाही म्हटलं. ती म्हणाली, “मग मी काय करू?” मी सांगितलं, भिडू काय करतोय ते बघ. ती सबंध डाव बघत बसली. डाव संपल्यावर तिने मला त्यातली एक चूक दाखवली. बरोबर होती.

ब्रिज खेळल्याने स्मरणशक्ती शाबूत राहते, अशी जाहिरात मी करणार नाही. त्या काकांची राहिली नाही, हे तुम्ही ऐकलंतच. मी एवढंच म्हणेन की आठवड्यातला एक दिवस, ठरलेल्या वेळी, तीन माणसं आपली वाट पाहत असतात. आपण गेलो नाही तर त्यांचा डाव मांडला जात नाही. निवृत्त माणसाला आपल्यावाचून कुणाचं तरी अडतंय हे कळणं, याची किंमत तुम्हाला माझ्याइतकीच ठाऊक आहे.

आपली बॅच आता साठीला आली. निम्मे परगावी आहेत. तुमच्या शहरात क्लब असेल तर चौकशी करा. नसेल तर चार माणसं आणि एक कॅट एवढंच लागतं. जे गावात आहेत त्यांनी येत्या बुधवारी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर या. बोली आली नाही तरी चालेल. मेंढीकोट येत असेल तर उत्तमच. आणि सर, बाई, तुम्हीही या. फक्त एक विनंती आहे. या वेळी पत्ते जप्त करू नका.