हेलसिंकीहून आलेली विचारणा



नवी वस्तू बाजारात आणावयाची म्हणजे भांडवल उभारावे, पेढी थाटावी, वर्तमानपत्रांतून जाहिराती द्याव्यात आणि गावोगाव गुमास्ते धाडावेत, हा व्यापाराचा रूढ मार्ग आहे. परंतु एकट्यादुकट्याने घरी बसून रचलेल्या लहानशा सॉफ्टवेअरला या मार्गाची गरज पडतेच असे नाही. त्या विषयाची ज्यांना आधीपासून आस्था आहे अशा मंडळींच्या ऑनलाइन समुदायापुढे एक छोटेसे निवेदन ठेवावे, आणि त्यातूनच आपल्या कृतीला पहिले वापरणारे, पहिले टीकाकार आणि क्वचित पहिले सहकारीही मिळवावेत, ही रीत संगणकाच्या जगात आता चांगली रुळली आहे. तिचे मर्म मला आज आपणापुढे मांडावयाचे आहे, आणि त्यासाठी १९९१ या एका वर्षाची साक्ष काढली तरी बरेच काही हाती लागेल.

त्या काळी वेब घरोघरी पोहोचलेले नव्हते. होते ते यूजनेट. ड्यूक विद्यापीठातील टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी १९७९ साली त्याची कल्पना काढली, आणि एका संगणकाने दूरध्वनीच्या तारेवरून दुसऱ्याला मजकूर पोहोचवावा, दुसऱ्याने तो तिसऱ्याकडे धाडावा, अशा हस्तेपरहस्ते चालणाऱ्या व्यवस्थेतून विषयवार चर्चागट नांदू लागले. फेब्रुवारी १९९१ मध्ये ॲमस्टरडॅमच्या ग्वीडो व्हान रॉसम यांनी आपली पायथन ही भाषा याच मार्गाने लोकांच्या हाती दिली, ती मूळ प्रोग्रामाचे २१ तुकडे पाडून. ६ ऑगस्टला सर्न या संशोधनसंस्थेतील टिम बर्नर्स-ली यांनी वर्ल्ड वाइड वेबच्या योजनेचा गोषवारा दिला, तोही कुणीतरी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून. आणि २५ ऑगस्टला हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने जे निवेदन केले, त्याचा विचार थोडा विस्ताराने करणे मला अगत्याचे वाटते.

हे निवेदन कोठे केले गेले, ते प्रथम पाहावे. अँड्र्यू टॅनेनबाउम या ॲमस्टरडॅमच्या प्राध्यापकांनी, विद्यार्थ्यांना ऑपरेटिंग सिस्टीमची अंतर्रचना उलगडून दाखवता यावी म्हणून, १९८७ साली आपल्या पाठ्यपुस्तकाबरोबर मिनिक्स नावाची एक छोटी सिस्टीम प्रसिद्ध केली होती, आणि अध्यापनाचा हेतू ढळू नये म्हणून ती बुद्ध्याच आटोपशीर ठेवली होती. तिचे वापरणारे अधिक सोयींची मागणी करीत राहत. म्हणजे टोरवाल्ड्स ज्या मिनिक्सच्या चर्चागटात लिहीत होते, तेथील वाचकाला काय हवे आहे हे समजावून सांगण्याची आवश्यकताच नव्हती. ती उणीव प्रत्येकाच्या अनुभवाची होती. ज्या समुदायात आपण स्वतः वावरलो, ज्याच्या अडचणी आपल्याही आहेत, तेथेच प्रथम बोलावे, या नियमाला मी फार महत्त्व देतो, कारण परक्या सभेत शिरून आपला माल पुढे करणाऱ्याकडे लोक संशयानेच पाहतात, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही.

आता निवेदनाचा मसुदा. आपण ३८६ जातीच्या संगणकांसाठी एक मोफत ऑपरेटिंग सिस्टीम रचीत आहोत. ती केवळ हौसेखातर असून फार मोठी व्हावयाची नाही. एप्रिलपासून काम चालू आहे आणि बॅश व जीसीसी हे दोन प्रोग्राम तिच्यावर चालू लागले आहेत. काही महिन्यांत उपयोगात आणण्याजोगे काही तयार होईल. मात्र ती अन्य जातीच्या यंत्रांवर नेण्याजोगी नाही, आणि आपल्यापाशी आहे तसल्या हार्डडिस्कखेरीज दुसरी कोणतीही तिला बहुधा कधीच चालणार नाही: असा हा सारा तपशील. त्यातच होती एक विचारणा, की मिनिक्समधील आपणांस काय आवडते आणि काय खटकते, ते कळवावे. येथे स्तुतीचे एकही विशेषण नाही. काय चालते आणि काय चालत नाही, हे दोन्ही सांगितले असल्यामुळे वाचणाऱ्याला ही वस्तू आपल्या उपयोगाची आहे की नाही याचा निर्णय तत्काळ करता येतो. आणि शेवटी त्याच्याकडून पैसा मागितलेला नसून मत मागितले आहे, जे देण्यास जाणता मनुष्य क्वचितच कुचरतो.

सप्टेंबरात या सिस्टीमची, म्हणजेच पुढे लिनक्स म्हणून ओळखल्या गेलेल्या कृतीची, सुमारे १०,००० ओळींची पहिली आवृत्ती फिनलंडमधील एका सर्व्हरवर ठेवली गेली, आणि मग जे घडले तेच या रीतीचे खरे फळ होय. जर्मनीतील एका गृहस्थाच्या संगणकात स्मृती अवघी २ मेगाबाइट होती, त्यामुळे तेथे कंपायलर नीट चालेना. तेव्हा स्मृतीतला मजकूर तात्पुरता डिस्कवर ठेवण्याची सोय, जी स्वतः टोरवाल्ड्स यांना लागत नव्हती, ती त्यांनी त्या नाताळात लिहून काढली. प्रथमच्या परवान्यात पैसे घेण्यास सक्त मनाई होती. फ्लॉपींची प्रत करून देण्यास खर्च येतो असे लोकांनी दाखवून दिल्यावर, १९९२ च्या आरंभी ती शर्त मागे घेऊन जीपीएल हा परवाना स्वीकारण्यात आला. त्याच जानेवारीत खुद्द टॅनेनबाउम यांनी ही रचना कालबाह्य असल्याची तीव्र टीका चर्चागटात केली. टोरवाल्ड्स यांचे पहिले उत्तर उद्धट होते. परंतु दुसऱ्याच दिवशी भाषेबद्दल क्षमा मागून मुद्द्यांची चर्चा त्यांनी चालू ठेवली, ही गोष्ट मला त्यांच्या प्रोग्रामाइतकीच मोलाची वाटते.

तथापि समुदायाचा कौल म्हणजे बाजाराचा फैसला नव्हे. एप्रिल २००७ मध्ये ड्रू ह्यूस्टन यांनी हॅकर न्यूज या संगणकप्रेमींच्या चर्चास्थळावर, आपल्या फायली निरनिराळ्या संगणकांवर आपोआप सारख्या ठेवणाऱ्या ड्रॉपबॉक्स या सेवेचे निवेदन केले, तेव्हा एका वाचकाने हरकत घेतली, की लिनक्स वापरणाऱ्याला अशी व्यवस्था एफटीपी आणि तत्सम साधनांनी स्वतःच सहज उभारता येते. त्या जाणकार मंडळींपुरते ते खरेही होते. ज्या कोट्यवधींना एफटीपीचे नावही ठाऊक नाही, त्यांच्यापुरते ते गैरलागू होते. ह्यूस्टन यांनी त्या हरकतीचा शांतपणे खुलासा केला, आणि ती कंपनी २०१८ साली शेअरबाजारात उतरली. म्हणून पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या ज्या तरुणाने एखादे छोटे ॲप तयार केले आहे, त्याला माझे सांगणे असे, की निवेदन केल्यावर त्या दिवशी अन्य कामे बाजूला ठेवून प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यावे, आणि हरकत घेणारा कोणाच्या वतीने बोलतो आहे हे पारखून मगच त्याच्या सूचनेप्रमाणे कृतीत फेरफार करावा.

टोरवाल्ड्स यांच्या निवेदनातली, ही सिस्टीम अन्य यंत्रांवर जाणार नाही, ही ग्वाही मात्र वाचणाऱ्यांनीच खोटी पाडली. ज्यांच्यापाशी निराळ्या डिस्क आणि निराळी यंत्रे होती, त्यांनी आपापल्या गरजेपुरता भाग लिहून पाठवला. आणि मार्च १९९४ मध्ये लिनक्सची १.० ही आवृत्ती हेलसिंकी विद्यापीठाच्या सभागृहात जाहीर झाली, तेव्हा मूळ प्रोग्रामासोबत अशा हातभार लावणाऱ्यांची नावनिशीवार यादी जोडलेली होती.