घर हीच पहिली शाळा : महामारीच्या दोन वर्षांचा ताळेबंद

(सुवर्णमहोत्सवानिमित्त आयोजित पालक मेळाव्यातील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी महामारीची आठवण कशासाठी, असा प्रश्न काहींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या संकटाने आपल्या मुलांची जवळजवळ दोन शालेय वर्षे हिरावून घेतली, त्याचा ताळेबंद न मांडता नवी वही उघडणे व्यवहाराला धरून होणार नाही. मी शिक्षणतज्ज्ञ नाही. कापडाच्या व्यापारात आयुष्य गेलेला एक वाणिज्य पदवीधर आहे. म्हणून व्यापाऱ्याच्या रीतीने, नावे काय आणि जमा काय, एवढेच आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम नावे बाजू पाहू. मार्च २०२० च्या मध्यास राज्यातील शाळा बंद होऊ लागल्या आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. त्या वर्षी जी बालके पहिलीत दाखल झाली, त्यांच्यापैकी बहुतेकांना प्रत्यक्ष वर्ग पाहायला मिळाला तो डिसेंबर २०२१ मध्ये, म्हणजे दुसरीचे अर्धे वर्ष सरल्यावर! जानेवारी २०२२ मध्ये शाळांना पुन्हा काही दिवस कुलूप लागले. अक्षरे गिरवण्याचे वय मोबाइलच्या वीतभर पडद्यासमोर निघून गेले. पुढे हीच मुले तिसरीत असताना ‘प्रथम’ संस्थेची ‘असर’ पाहणी झाली. ग्रामीण भारतातील तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले २०१८ मध्ये २७.३ टक्के होती. २०२२ मध्ये ती २०.५ टक्क्यांवर आली. २०२४ च्या पाहणीत तिसरीचे प्रमाण पुन्हा २७.१ टक्के झाले. म्हणजे घसरण कायमची नसते, हा दिलासा आहे. परंतु चारातील तीन मुले अजूनही मागेच आहेत, हेही विसरता येत नाही.

आता जमा बाजू. केंद्र शासनाने जुलै २०२० मध्ये ‘प्रज्ञाता’ नावाची मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली. पहिली ते आठवीच्या मुलांना दिवसात ३० ते ४५ मिनिटांची फार तर दोन सत्रे ऑनलाइन घ्यावीत, असे त्यांत सांगितले होते. याचा हिशेब सोपा आहे. शाळेच्या वाट्याला जास्तीत जास्त दीड तास आला. मग मुलाचा उरलेला दिवस कोणाचा? तो घराचा होता. ज्या घराने तो दिवस सांभाळला, तेथील मूल तरले. घराने मुलाला काय द्यावे, याविषयी मला तीन गोष्टी सांगावयाच्या आहेत.

पहिली गोष्ट दिनक्रमाची. उठणे, जेवणे, अभ्यास, खेळ आणि झोप यांच्या वेळा ठरलेल्या असल्या, की बाहेर कितीही अनिश्चितता असो, मुलाला आधार वाटतो. उद्या काय होणार हे मोठ्यांनाच ठाऊक नव्हते. पण संध्याकाळी सात वाजता सर्वजण एकत्र जेवणार, हे तरी मुलाला ठाऊक असावे. भ्रमणध्वनी जेवणाच्या आणि झोपण्याच्या जागेपासून दूर ठेवावा, आणि तो नियम वडिलांनीही पाळावा. मुले उपदेशाकडे दुर्लक्ष करतील, आचरणाकडे करत नाहीत.

दुसरी गोष्ट घरातील विद्येची. २०२० च्या जुलैत सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मालिका सुरू झाली. घरातील आणि परिसरातील साध्या वस्तू घेऊन शिकता येते, हे तिने दाखवले. सोलापुरातील नीलमनगर या कामगार वस्तीत तर शिक्षकांनी घरांच्या भिंतींवरच धडे रंगवले. वस्त्रोद्योगात राबणाऱ्या ज्या पालकांना स्मार्टफोन परवडत नव्हता, त्यांची मुले या भिंतीवरून त्या भिंतीकडे जात शिकली. आपल्या घरांत साधने अधिक होती. प्रश्न सोबत बसणाऱ्या माणसाचा होता.

गणित दुकानातही आहे आणि स्वयंपाकघरातही. १८० रुपये मीटरचे सव्वादोन मीटर कापड कितीला पडेल? ४०५ रुपये, हे उत्तर मुलाने तोंडी काढावे. इंग्रजी माध्यमातील आपल्या कित्येक नातवंडांना पावणेदोन म्हणजे किती, हे सांगता येत नाही. चार माणसांना दोन वाट्या तांदूळ, तर सहा माणसांना किती? हाही अपूर्णांकाचाच पाठ होय. आजीने आपल्या बोलीत सांगितलेली गोष्ट मुलाने दुसऱ्या दिवशी स्वतःच्या शब्दांत परत सांगितली, तर भाषेचा तास पूर्ण झाला. रोज वीस मिनिटे मुलाने मोठ्याने वाचावे आणि घरातील एकाने ते मन लावून ऐकावे. याला शिकवणीचे शुल्क पडत नाही.

तिसरी गोष्ट मनाची, आणि ती सर्वांत महत्त्वाची. कापड जीवनावश्यक वस्तूंत मोडत नसल्याने टाळेबंदीत आमची दुकाने बंद होती. भाडे, पगार आणि येणे-देणे यांची चिंता प्रत्येक व्यापारी घरात होती. मुलाला व्याजाचा दर कळत नाही, पण बापाचा चेहरा कळतो. त्याला काहीच सांगितले नाही, तर तो स्वतःच कारण शोधतो, आणि पुष्कळदा ‘माझ्यामुळेच हे झाले’ असे समजून बसतो. म्हणून त्याच्या वयाला झेपेल इतके खरे सांगावे.

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत अनेक घरांतील ज्येष्ठ गेले. अंत्यदर्शनही कित्येकांना घडले नाही. अशा वेळी ‘आजोबा गावाला गेले’ असे सांगितलेले मूल दाराकडे डोळे लावून बसते. ‘आजोबा वारले, ते आता परत येणार नाहीत, आणि यात तुझी काहीही चूक नाही’ ही तीन वाक्ये कठोर वाटतात, परंतु मुलाला आधार त्यांचाच असतो. त्याला रडू द्यावे, आपणही त्याच्यासमोर रडावे. त्यात कमीपणा नाही.

अंथरूण ओले करणे, वारंवार पोट दुखणे, चिडचिड, अबोला, झोप मोडणे ही कधी कधी दुःखाची भाषा असते. ती काही आठवडे टिकली, तर रागावण्याऐवजी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. ऑक्टोबर २०२२ पासून शासनाची ‘टेलिमानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य उपलब्ध आहे. ‘लोक काय म्हणतील’ या भीतीपोटी आपल्या समाजात मनाचे दुखणे झाकून ठेवले जाते. ताप झाकत नाही, तर हे का झाकावे?

बंधू-भगिनींनो, ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचे जाहीर केले; आपल्या मुलांचे येणे मात्र अजून पूर्ण वसूल झालेले नाही. २०२० मध्ये पहिलीत गेलेली मुले २०२५ च्या जूनमध्ये सहावीत पोहोचली. तेव्हा हुकलेला पाया त्यांच्या प्रगतिपुस्तकात दिसेलच असे नाही. म्हणून आज घरी गेल्यावर त्यांच्या हाती तिसरी-चौथीचे एखादे पुस्तक द्यावे, शेजारी बसून एक पान ऐकावे, आणि मग सहज विचारावे, ‘बाळ, त्या दिवसांतले तुला काय आठवते?’ उत्तर कितीही लांबले, तरी मध्ये बोलू नये. सुवर्णमहोत्सवी वर्षात आठवड्यातून एक संध्याकाळ या सभागृहात मुलांच्या वाचनासाठी राखून ठेवावी आणि ऐकायला ज्येष्ठांनी यावे, अशी माझी विश्वस्त मंडळास नम्र विनंती आहे. पहिला श्रोता म्हणून माझे नाव लिहून घ्यावे.