पहिली शिकार : मचाण की जमीन?

मंडळी, विस्कॉन्सिनमध्ये पहिल्यांदाच हरणाच्या शिकारीला निघालेले मला हमखास विचारतात, मचाणावर बसू की जमिनीवर? मचाणावरून लांबचं दिसतं, आपला वास हरणापर्यंत कमी पोचतो आणि गोळी खाली मातीत जाते. पण मचाणावरून पडणं हे शिकारीतल्या अपघातांचं एक मोठं कारण आहे. नोव्हेंबरात बर्फ धरलेल्या शिडीवरून माझाही पाय सटकला. अंगात सेफ्टी हार्नेस होता म्हणून वाचलो. (सौ.ना हे आजच कळतंय!)

माझं ऐकाल तर पहिलं वर्ष जमिनीवरच काढा. नारिंगी जाकीट, रुंद बुंध्याला पाठ, वारा तोंडावर. आणि हरणामागे काय आहे ते नीट दिसल्याशिवाय चाप ओढायचा नाही. मचाणावर चढलातच, तर पाय जमिनीवरून उचलण्याआधी हार्नेस अडकवा. बंदूक रिकामी करून मागाहून दोरीने वर ओढा.